दाराशी गाडी

"येत्या रविवारी अक्काची गाडी थेट आपल्या फाटकाशी येऊन थांबेल. ठरलं म्हणजे ठरलं," असं काकांनी जाहीर केलं. काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि हातातला पडदा शिवायला पुन्हा सुरुवात केली.

काकांना अख्खी गल्ली ठरलेकाका म्हणायची. निवृत्त झाल्यापासून त्यांनी पुष्कळ गोष्टी ठरवल्या होत्या. त्यांतल्या तडीस किती गेल्या, हे विचारण्यात अर्थ नव्हता. गच्चीवर पाण्याची टाकी स्वतःच्या हाताने बसवायचं ठरलं होतं. ती टाकी अजून जिन्यात होती आणि घरातली माणसं सवयीने तिला वळसा घालून वर जात.

पण या वेळी गोष्ट निराळी होती. काकांच्या फाटकासमोर एक जुनी गाडी उभी होती. कुणाची, कधीपासून, काही पत्ता नाही. एकेकाळी ती निळी असावी. आता टायर बसले होते, दारं गंजून पोपडे धरत होती, खाली गुडघाभर गवत उगवलं होतं आणि मागच्या सीटवर एका मांजरीने बिऱ्हाड थाटलं होतं. गल्ली मुळातच चिंचोळी. ही धोंड मध्ये पडल्यापासून दुसरं चारचाकी वाहन आत शिरायचं नावच घेत नसे, सगळ्यांना कोपऱ्यावरच उतरावं लागे.

आणि अक्काला चालवत नव्हतं. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच काकांना वाढवलं, शाळेत घातलं आणि प्रसंगी बदडलंही. तिचे गुडघे आता पार गेले होते. मागच्या खेपेला तिला कोपऱ्यावरून कॉम्प्युटरच्या चाकाच्या खुर्चीत बसवून आणायचं काकांनी ठरवलं. खुर्चीचं चाक गटाराच्या झाकणात अडकलं, अक्का एका अंगाला कलंडली आणि सगळी गल्ली गॅलरीत येऊन उभी राहिली. तशा कलंडलेल्या अवस्थेतच अक्का म्हणाली होती, "गाडी तुझ्या दाराशी येईल तेव्हाच मी येईन." तेव्हापासून नुसते फोन. आता काकांनी शपथेवर सांगितलं म्हणून ती रविवारी यायला तयार झाली होती. तिच्या वयाकडे बघता पुढच्या वेळेवर काही टाकायला काकांचा जीव धजत नव्हता. तिने एकदा आपल्या घरी, आपल्या टेबलाशी बसून जेवावं, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून काका बेवारस वाहनं उचलणाऱ्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी त्यांना नियम समजावून दिला. धूळ, गंज, बसलेले टायर आणि खाली गवत, एवढं दिसलं की गाडी बेवारस. साहेब शुक्रवारी स्वतः येऊन बघणार, मग त्यांची माणसं गाडी उचलणार. काका इतके खूश झाले, की घरी येऊन त्यांनी काकूंना अर्धीच बातमी सांगितली. "शुक्रवारी मोठे साहेब येणार आहेत, दारातली गाडी बघायला," एवढं बोलून ते अक्काला बसायला कुठली खुर्ची द्यायची या विचारात बुडाले.

इथे काकूंचा स्वभाव सांगायला हवा. घरी परका माणूस येणार म्हटलं, की काकूंच्या अंगात येत असे. मग त्या घरातली कुठलीही वस्तू मळकी राहू देत नसत. एकदा नळ गळतो म्हणून प्लंबरला बोलावलं, तर तो यायच्या आत काकूंनी ओटा आणि फरशी इतकी कोरडी पुसून काढली, की बिचारा प्लंबर गळती कुठे आहे हेच शोधत बसला. झुरळांचं औषध मारणाऱ्याला तर एकही झुरळ दिसलं नाही. तो चहा पिऊन परत गेला.

शुक्रवारी साहेबांना गल्ली सापडणार नाही म्हणून काका त्यांना आणायला गेले. कोपऱ्यावर वळता वळता ते अभिमानाने म्हणाले, "आता बघाच साहेब, एवढी दुर्दशा झालेली गाडी तुम्ही उभ्या नोकरीत पाहिली नसेल."

साहेबांनी बघितलं. गाडी उन्हात चमकत होती. काचा पुसलेल्या, गंजाला तेलाचा हात फिरवलेला, गवत मुळापासून उपटलेलं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला बोलावून चारही टायरांत हवा भरून घेतलेली. मांजरीलासुद्धा धुतलेल्या टॉवेलवर बसवलं होतं. शेजारी काकू पदर खोचून, घामाघूम होऊन, कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या.

"ही बेवारस?" साहेबांनी विचारलं.

"कालपर्यंत होती हो," काका कसंबसं म्हणाले.

साहेबांनी आत डोकावून सीटवरचे नवे अभ्रे बघितले. मग मान वर करून काकांच्या खिडकीचे पडदे बघितले. कापड एकच होतं. साहेब सज्जन होते, ओरडले नाहीत. स्वतःच्या गाडीबद्दल कोणी अशी तक्रार करतं का, एवढंच त्यांनी विचारलं. काका गयावया करू लागले, अक्काचे गुडघे, कलंडलेली खुर्ची सगळं सांगून झालं, तेव्हा साहेबांना दया आली. रविवारी त्यांची माणसं याच बाजूने जाणार होती. या गल्लीत जी गाडी मळकी दिसेल ती उचला, चकचकीत असेल तिला हात लावू नका, असं मी त्यांना सांगून ठेवतो, असं म्हणून ते गेले.

मग काय, शनिवारी काका बागेतला चिखल बादल्या भरभरून त्या गाडीवर ओतत होते. टायरांतली हवाही सोडायची होती, पण तोवर कंबर धरली. संध्याकाळी गाडी पुन्हा पहिल्यासारखी घाण दिसायला लागली आणि काकांना भरून आलं. आता हिला बोटसुद्धा लावायचं नाही, असं त्यांनी काकूंना बजावलं. काकू हो म्हणाल्या.

रविवारी सकाळी काका आंघोळ करून बाहेर आले तर गाडी आरशासारखी लखलखत होती आणि काकू फडकं पिळत होत्या.

"अगं, तू हो म्हणाली होतीस ना?"

"साहेबांसाठी हो म्हटलं होतं," काकू म्हणाल्या. "वन्संसाठी नाही. त्या इतक्या दिवसांनी येणार आणि दारात हा चिखल?"

काकांनी डोक्याला हात लावला. पण हार मानतील तर ते ठरलेकाका कसले. ते तडक बागेकडे बादली घेऊन निघाले, तेवढ्यात अक्काचा मुलगा कोपऱ्यावरून पळत आला.

"मामा, आई उतरायला तयार नाही," तो धापा टाकत म्हणाला. वाटेत सगळा रस्ता खणलेला, त्यामुळे त्याची गाडी टपापर्यंत चिखलाने माखली होती. आत अक्का मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसली होती. दार आल्याशिवाय पाय खाली ठेवणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं.

काका आणि भाचा काय करावं याचा खल करत असतानाच खाकी कपड्यातली चार माणसं गल्लीत शिरली. ती अदबीने काकूंपुढे उभी राहिली. त्यांच्या मुकादमाने सांगितलं, की कोपऱ्यावर एक बेवारस गाडी सापडली आहे, ती ओढून गल्लीतून पलीकडच्या रस्त्याला न्यायची आहे. "तेव्हा तुमची गाडी जरा पुढे ढकलतो, काकू. फार छान ठेवलीय."

टायरांत हवा होतीच. चौघांनी खांदा लावला आणि इतके दिवस जागची न हललेली ती धोंड मुकाट्याने गल्लीबाहेर गेली. काका आ वासून बघत राहिले. ढकलून बघावं हे त्यांनी काही ठरवलं नव्हतं.

मग कोपऱ्यावरून टोइंगचा ट्रक आला. त्याच्यामागे, पुढची चाकं अधांतरी उचललेली, चिखलाचा गोळा झालेली गाडी.

"मामा, ही तर माझी," भाचा पुटपुटला.

गाडी फाटकाशी आली. मागच्या खिडकीची माखलेली काच हळूहळू खाली गेली.

"थांबवा," आतून अक्काचा आवाज आला. "घर आलं."

ट्रक थांबला. मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. बेवारस गाडीत माणूस निघाल्याचा प्रसंग त्याच्यावर पूर्वी आला नसावा. "आजी, तुम्ही आत होतात? आवाज तरी द्यायचा."

"कशाला द्यायचा? माझ्या भावाने माणसं पाठवली, मी बसून राहिले," अक्का म्हणाली. गाडी खाली उतरवल्यावर काकांच्या खांद्याचा आधार घेत तिने पाऊल टाकलं ते थेट फाटकात. तिथे थांबून तिने काकांच्या गालावरून हात फिरवला. "दाराशी आणतो म्हणालास आणि आणलंस. अगदी माझ्यावर गेलायस."

काकांचे डोळे भरून आले. खरं काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

भाच्याने गाडी मागे घेऊन कोपऱ्यावर लावली. मुकादमाची माणसं चहा पिऊन गेली. अक्का टेबलाशी बसून पोटभर जेवली, मीठ कमी आहे म्हणाली, दोनदा वाढून घेतलं. काका आज हवेत होते. त्यांनी सहज खिडकीतून बाहेर बघितलं आणि घास हातातच राहिला.

ती निळी गाडी फाटकासमोर उभी होती. जशीच्या तशी, आपल्या जागेवर. मुकादमाने जाता जाता ती परत आणून लावली होती, वर ती घरंगळू नये म्हणून चाकांना दगडही लावले होते.

"उद्या सकाळी सगळ्यात आधी त्या ऑफिसात जातो," काका उठत म्हणाले. "ही गाडी आता इथून..."

"बस खाली," अक्का म्हणाली. "तिला कुठे हलवायचं नाही. ती आडवी आहे म्हणून तर तू ती माणसं पाठवलीस. पुढच्या महिन्यात मला अशीच आण. पुढून वर उचललं ना, की मागे मस्त रेलता येतं, गुडघ्यांना इतका आराम कधी पडला नव्हता. ठरलं म्हणजे ठरलं."

आपण हे वाक्य लहानपणी कुणाकडून उचललं, हे काकांना तेव्हा आठवलं. आता काय करायचं, म्हणून त्यांनी मदतीसाठी काकूंकडे बघितलं, पण काकूंची खुर्ची रिकामी होती. ढकलणाऱ्या माणसांच्या हातांचे ठसे गाडीच्या पाठीवर उमटले होते, म्हणून त्या बादली आणि फडकं घेऊन केव्हाच बाहेर गेल्या होत्या.