समुद्राची माती, आईची चाळण

नाशकाला समुद्र नाही. त्यामुळे १९८३ साली समुद्राच्या तळातल्या प्राण्यांवर नाशकातला सगळ्यात मोठा तज्ज्ञ मीच होतो. दुसरा कोणी नव्हताच! स्टाफरूममध्ये मी हे छातीठोकपणे सांगत असे, आणि लोक बशीत चहा ओतत विचारत, "मग गोदावरीनं तुमचं काय घोडं मारलंय, सर?"

हसोत बापडे. मी कॉलेजात टेंपररी लेक्चरर होतो. चौथं वर्ष. प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "तीस जूनपर्यंत एम.फिल.चा प्रबंध द्या आणि कायम व्हा. नाहीतर माझा इलाज नाही." इलाज नाही म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. संस्थेच्या चिटणिसांचा भाचा नुकताच एम.एस्सी. झाला होता आणि रोज सकाळी येऊन माझी खुर्ची बघून जात होता.

प्रबंधाचा विषय तसा सोपा. किनाऱ्यावर कुठे वाळू असते, कुठे चिकट गाळ, कुठे दोन्हींची सरमिसळ. कोणत्या मातीत कोणते किडे, कोणते शिंपले, कोणते खेकडे राहतात ते मोजायचं. दोन वर्षं, सुट्टी मिळेल तेव्हा, मी डहाणूकडे गेलो. ओहोटीला गुडघाभर गाळात उतरायचं, फूटभर लोखंडी चौकट रोवायची, तेवढीच माती काढून पिशवीत भरायची, आतले प्राणी कुजू नयेत म्हणून वर फॉर्मलिन ओतायचं आणि आत चिठ्ठी टाकायची. अशा छत्तीस पिशव्या जमवल्या. येताना एस.टी.चा कंडक्टर विचारायचा, "काय आहे यात?"

"माती."

"का? नाशकातली संपली?"

कॉलेजात वास मारतो म्हणून विभागप्रमुखांनी पिशव्या प्रयोगशाळेबाहेर काढल्या. मी त्या इंदिरानगरला, आमच्या दोन खोल्यांत आणल्या. आईने त्यांना भिंतीलगत जागा करून दिली. माझ्या आईने, सगुणाबाईने, बावीस वर्षं बांधकामांवर वाळू चाळली. त्या वाळूवर मी मॅट्रिक झालो, बी.एस्सी. झालो, एम.एस्सी. झालो. तिच्या हाताला अजून घट्टे आहेत.

मार्चमध्ये मला आठ दिवस सिन्नरला परीक्षेच्या सुपरव्हिजनला धाडलं. मामाकडेच राहणार होतो. निघताना आईने विचारलं, "सहादू, ह्या पिशव्यांचं आता काय ऱ्हायलंय?"

"फक्त चाळायचं राहिलंय. आलो की चाळतो."

एवढंच बोललो. तेवढंच पुरलं.

आठ दिवसांनी सकाळी घरी आलो तर पिशव्या जागेवर नाहीत. भिंतीला लागून छत्तीस कागदी पुड्या, ओळीने, प्रत्येकीवर तिची तिची चिठ्ठी. आई दारातच उभी. तोंडावर असा आनंद, की मला तेव्हाच धसका बसला.

"समदं चाळून ठिवलं बघ. तुला आल्या आल्या ताप नको."

"कसं चाळलंस?"

"आधी ते वास मारणारं पाणी वतून दिलं. लय डोळे चुरचुरले. मंग माती उन्हात वाळवली, ढेकळं धोपाटण्यानं फोडली, आन् तुझ्या त्या पितळी चाळणीतून काढली. चिठ्ठी येक इकडची तिकडं केली नाय."

तिने एक पुडी उघडली. माती मैद्यासारखी.

"आणि चाळणीत वर राहिलं ते?"

"ते किडं न् शिंपले व्हय? गटारीत टाकले."

आता तुम्हाला सांगतो. आमच्या शास्त्रात चाळणीतून खाली पडते ती माती फेकून द्यायची आणि वर उरतो तो कचरा जपायचा. तो कचरा म्हणजेच माझा प्रबंध! पण पीठ म्हणा, मसाला म्हणा, वाळू म्हणा, आईने जन्मभर चाळलं ते खालचं ठेवायला. तिचं काहीही चुकलं नव्हतं. गाढव मी होतो, आणि तेही डबल ग्रॅज्युएट.

मी चाळण उचलली आणि मागच्या उघड्या गटारीत उतरलो. शेजारचे कोंडाजी कोर्टात शिपाई होते. ते दात घासत बघत होते.

"सर, काय पडलं?"

"किडे."

सर काहीतरी लपवतायत, हे कोंडाजींनी ताबडतोब ओळखलं. पाच मिनिटांत कॉलनीभर झालं की सरांची अंगठी गटारीत गेली. बायका, पोरं, रिटायर्ड म्हातारे, सगळे काठ्या घेऊन आले. त्यांतल्या भीमाबाईंनी विचारलं, "किती तोळ्याची?" मी घसा फोडून सांगत होतो की अंगठी नाही, शिंपले शोधतोय. कोणी ऐकेना. त्यांना शिंपला सापडला की ते शिव्या देऊन लांब भिरकावत.

दुपारपर्यंत माझ्या चाळणीत मूठभर ऐवज जमला. फुटके शिंपले, खेकड्याचा एक पाय, आणि पुष्कळशा वळवळणाऱ्या अळ्या, ज्या खास इंदिरानगरच्या होत्या. वाळूतला कोण, गाळातला कोण, काही कळायला मार्ग नाही. आमच्या बौद्ध घरातून तीन पिढ्या समतेसाठी भांडल्या. ती शेवटी माझ्या प्रबंधात आली, आणि नेमकी तिथेच नको होती.

दोन वर्षांचे ऋतू तीन महिन्यांत पुन्हा कुठून आणणार? हट्टाने मी नुसत्या मातीचाच तक्ता करून मुंबईला गाईडना धाडला. त्यांचं कार्ड आलं. दोनच ओळी. "मातीचे काम उत्कृष्ट. प्राणी कुठे आहेत?"

एक जुलैला भाचा माझ्या खुर्चीत बसला. जाताना मी त्याला खुर्चीचा मागचा पाय हलतो तेवढं सांगितलं नाही. माझा सूड एवढाच.

घरी आलो. आईने पाणी दिलं आणि समोर बसली. खरं काय घडलं ते मी तिला सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही.

"नाय घेतलं ना तुला?"

"नाही."

"का रं? माती चांगली नव्हती व्हय?"

"एक नंबर होती, आई. साहेबांनी लिहून कळवलं."

ती हाताचे घट्टे चोळत राहिली.

"मंग मीच कमी पडले आसंल," ती म्हणाली. "म्होरल्या टायमाला दोनदा चाळून देते."

मी म्हणालो, बरं.