सिस्टरच्या कागदाचं अपहरण

गुन्हेगारी जगत माझ्या नावाने चळाचळा कापतं. अजून त्याला माझं नाव कळलेलं नाही, एवढीच काय ती अडचण. बाकी करडी नजर, तल्लख मेंदू, खिशात भिंग, सगळा सरंजाम तयार आहे. भिंग बायकोचं, सुईत दोरा ओवायला.

त्या सकाळी पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त नर्स, म्हणजे आमच्या इमारतीच्या सिस्टर, धापा टाकत माझ्या दारात आल्या.

"लिफ्ट दोन महिने बंद आहे. जिन्यापाशी तक्रारीचा कागद चिकटवते. तीनदा लावला, तीनदा गायब!"

"अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गळा घोटला जातोय," मी गरजलो.

"गळ्याचं राहू द्या, माझे गुडघे गेलेत."

आम्ही खाली जिन्यापाशी गेलो. भिंतीवर एकही पुरावा नव्हता. अर्थात गुन्हेगार सराईत! संशय थेट सोसायटीच्या अध्यक्षांवर. ते बाजारातून येताच मी त्यांची पिशवी हिसकावून उघडली. आत दोडकी.

"झडतीचं वॉरंट आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग दोडकी परत ठेवा. हक्क मलाही आहेत."

मी लगेच तर्क बदलला. सिस्टर झोपेत चालतात आणि स्वतःच कागद काढतात! हे त्यांना सांगितलं. त्यांनी इंजेक्शन भरताना बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. मी तर्क मागे घेतला.

तेवढ्यात जिना झाडणाऱ्या मावशी खाली आल्या.

"तो कागद? दर वेळी खाली पडलेला असतो. भिंत ओली, डिंक धरत नाही. मी झाडून टाकते."

"मला हाच संशय होता," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

"पण त्यात लिहिलंय काय?" मावशींनी विचारलं. सिस्टरनी वाचून दाखवलं.

"मग माझंही घाला. लिफ्ट चालू होती तेव्हाही मला बंदीच होती. पाच मजले बादली घेऊन जिन्यानं."

"असा नियम केला कुणी?" सिस्टर भडकल्या.

मावशींनी लिफ्टशेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'सफाई कामगारांनी लिफ्ट वापरू नये.' खाली तीन सह्या. तिसरी माझी.

सहा वर्षं मी मावशींच्या तोंडावर लिफ्टचं दार ओढून घेत होतो. त्यात मला संशयास्पद काहीच वाटलं नव्हतं.

"मावशी, मी... न वाचताच सही केली होती."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरनी तिथेच पायरीवर बसून नवा कागद लिहिला. मावशींनी एकेक अक्षर जुळवत सही केली. मग कागद माझ्यापुढे आला. मी तो आधी दोनदा वाचला.