झाडांची गिऱ्हाइकं

लाकूडतोडीचा ठेका घ्यायचा आणि झाड मात्र तोडायचं नाही, असा ठेकेदार तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. पाहिलाय काय, माझं नशीब बघा, मी त्याचा भागीदार होतो!

लोणावळ्यात माझी कोळशाची वखार. हे ठेकेदार, म्हणजे नाना, औंढ्याचे, शेतकरी घरचे, पन्नाशी उलटलेले, एकटे. रानाची माहिती त्यांची आणि धंदा माझा, असं ठरवून आम्ही औंढ्याच्या वरच्या अंगाला जंगलखात्याचं एक कूप, म्हणजे तोडीला काढलेला रानाचा तुकडा, घेतलं. खात्यानं छाप मारलेली झाडं तोडायची, तिथंच भट्टी लावायची, कोळसा वखारीत आणायचा. इतकं सरळ काम! पण मध्ये नाना होते ना.

पहिल्याच दिवशी कातकरी कुऱ्हाडी घेऊन उभे, आणि नाना झाडाखाली घोंगडी टाकून बसलेले.

"नाना, हे काय?"

"बसून बगू की वाईच. कोन येतंय का."

"रानात कोण यायचंय?"

"गिऱ्हाईक."

दुपारी वरून एक शेकरू उतरलं. नाना उठले, घोंगडी झटकली. "ऱ्हाऊ द्या. याला गिऱ्हाईक हाय."

दुसऱ्या झाडावर मधमाश्या. ऱ्हाऊ द्या. तिसऱ्याखाली एक म्हातारी हिरडे वेचायला आली. ऱ्हाऊ द्या. मी म्हटलं, "अहो, हिरड्याखाली ती हिरडे नाही वेचणार तर काय कांदे वेचणार?" चौथ्या झाडावर नुसत्या मुंग्या होत्या. त्यावर नाना मलाच म्हणाले, "बापू, गिऱ्हाईक बारीक म्हून तू वखारीतनं हाकलतोस का?" आता बोला!

बरं, जे झाड तोडायचं तेही सुखानं नाही. बुंधा वीतभर ठेवायचा, वरचा काप तिरका घ्यायचा. "पानी साचलं तर खोड कुजंल. मंग फुटवा कुटला यायचा?" एकानं सपाट काप घेतला, तर त्याला अर्धा तास झापला. तोवर बाकीचे तंबाखू मळत बसले.

मृग जवळ आला आणि भट्टी अर्धी रिकामी. मृगाच्या आत ती लावून कोळसा खाली उतरवला नाही, तर ठेका जाणार आणि वखारीला कुलूप. माझी बायको म्हणाली, "त्या नानांनाच घाला भट्टीत." खरं सांगतो, मनातून मला ते पटलं होतं.

ओढ्याकाठी ऐनाचं एक जुनं झाड होतं. त्या एकट्यानं भट्टी भरली असती. मी नानांना निर्वाणीचं सांगितलं, "उद्या सकाळी बसा. कोणी आलं नाही, तर ऐन पाडायचा. मी स्वतः येतो बघायला." नाना नुसते "बरं" म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सकाळी सोमा कातकऱ्याला घेऊन पोचलो. बघतो तर ऐनाखाली चिमण्या काय, होले काय, नुसती जत्रा! आणि नाना धोतराच्या ओच्यातून मूठ मूठ तांदूळ उधळताहेत.

"नाना! दाणे टाकून गिऱ्हाइकं आणताय? वर आणि मला शहाणपण शिकवताय? लाज नाही वाटत?"

नानांनी हात झटकले.

"प्लेगात गाव सोडलं तवा आमची झोपडी हितं व्हती. या ऐनाखाली. भावाभावांनी येगळ्या घातल्या व्हत्या. बापू, घरात पंचवीस मानसं. लगीन होऊन चार वर्सं झाली, तरी बायकूशी धड बोललो नव्हतो. हितं आमी दोगंच. लय बोललो. ती तर कशावर बी बोलायची."

"मग?"

"मंग गाव परत भरलं. घरी गेलो. फुडल्या साली बाळंतपनात गेली."

मला भडभडून आलं आणि त्याहून जास्त राग आला. "अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"बायकूचं असं सांगत्यात व्हय चारचौघांत?"

सोमा कुऱ्हाड घेऊन तसाच उभा. त्याला म्हटलं, जा बाबा, घरी जा. भट्टी अर्धीच लागली. ठेका गेला तो गेलाच.

मी घोंगडीवर टेकलो. इतक्या वर्षांची ओळख, पण कधी विचारलंच नव्हतं. "नाव काय हो वहिनींचं?"

नानांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. आम्ही दोघं सोडून तिथं कोणी नव्हतं.

"चंद्रा," ते हळूच म्हणाले. "हितं हाक मारायचो नावानं. घरी कदी मारली न्हाई."