अण्णांचा लांब भाला

हणमंतअण्णा राक्षसाला घाबरतात. राक्षस म्हणजे नकाशावर ठेवलेलं बोटाएवढं प्लास्टिकचं बाहुलं. पण नीलेशनं आवाज खाली आणून "अंधारातून काहीतरी सरपटत येतंय..." म्हटलं की अण्णा दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतात. सहा फूट उंची, झुपकेदार मिशा, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. "नीलेशराव," म्हणतात, "राक्षस आणा, पर आवाज सरळ काढा की!"

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं शाहूपुरीत नीलेशच्या इलेक्ट्रिकच्या दुकानावरच्या खोलीत हा खेळ खेळतो. चौकटींचा नकाशा, फासे, आणि प्रत्येकाचं एक पात्र. नीलेश गोष्ट सांगतो आणि राक्षस चालवतो. सायली दातांची डॉक्टर, खेळात ती जादूगारीण. मी शाळेत गणित शिकवतो, इथं ढाल-तलवार घेतो. अण्णा एकदा मिक्सर दुरुस्तीला आले होते. वर कसला आरडाओरडा चाललाय म्हणून जिना चढले आणि राहिलेच.

पहिल्या दिवशी नीलेशनं त्यांच्या देहाकडं बघून भली मोठी कुऱ्हाड देऊ केली.

"ह्येनं मारायला किती जवळ जावं लागतंय?"

"नकाशावर शेजारच्या घरात."

"नगं. लांबनं मारायचं काय हाय?"

धनुष्य होतं, पण बाण संपले तर काय, ही काळजी. शेवटी लांब भाला निघाला. मधलं एक घर सोडून पलीकडच्याला टोचता येतं म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उजळला.

"मधी एक घर ठिवा की!" हे त्यांचं पालुपद. ट्रकही त्यांनी असाच चालवला. पुढच्या गाडीत नि आपल्यात इतकी जागा सोडायचे की तिच्यात दुसरी गाडी घुसायची, मग अण्णा आणखी मागं. असं सरकत सरकत जयसिंगपूरला निघालेला ट्रक परत कोल्हापुरात यायचा, असं नीलेश म्हणतो.

पण खेळात त्या भीतीनंच आम्हाला तारलं. लढाई सुरू झाली की अण्णा आधी अरुंद बोळ शोधायचे. "मास्तर, तुमी बोळाच्या तोंडाला. मी तुमच्या पाठीमागं. डाक्टरीणबाई माझ्या मागं." राक्षस माझ्या ढालीवर धडकायचा आणि माझ्या खांद्यावरून अण्णांचा भाला त्याला भोसकायचा. "मी भितोय म्हणून तुमी जित्तं हायसा," ते म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग तो रविवार आला. आमची पात्रं एका गुहेत अडकली होती. पुढं शंभर पायांचा राक्षस, मागची वाट ढासळलेली. मधे सोडायला एकही घर उरलं नव्हतं. अण्णांनी पाय वर घेतले. नीलेशनं फासा उचलला, तोच खाली दुकानात खरोखरीचा धडाका झाला. दिवे गेले. जिन्यातून काळा धूर वर आला.

सगळ्यांत आधी अण्णा पळाले. खुर्ची आडवी झाली, सायलीला त्यांचा धक्का लागला, जिन्यावर त्यांची पावलं धडधडत गेली. आम्ही भिंत चाचपत उतरलो. पायरी दिसत नव्हती. सायलीनं मागून माझा शर्ट घट्ट धरला होता आणि ती खोकत होती. पुढं नीलेश नुसता "या, या" म्हणत होता, पण त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता.

मीटरची पेटी जळाली होती. शेजाऱ्यांनी वाळू टाकून विझवली. कुणाला काही झालं नाही. रस्त्यापलीकडं अण्णा अनवाणी उभे होते, मिशा थरथरत होत्या. "अण्णा, बरे आहात ना?" सायलीनं विचारलं. त्यांनी आम्हा तिघांकडं एकेकदा बघितलं आणि मान खाली घालून चालू लागले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. नंतरच्याही नाहीत. फोन उचलेनात. शेवटी त्यांच्या चपला पिशवीत घालून मी शिवाजी पेठेत त्यांच्या घरी गेलो.

"मास्तर, मी पळालो," दार उघडताच ते म्हणाले.

"आम्हीपण पळालोच की."

"तुमी एकमेकाला धरून आलासा. मी डाक्टरीणबाईला ढकलून आलो." ते जरा थांबले. "आमची बायकू मालती कशालाच भीत न्हवती. ती गेल्यापास्नं कपाट करकरलं तरी माझी छाती धडधडतीया."

मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार, तेवढ्यात ते ओरडले, "पाय ठिवू नगा!"

फरशीच्या चौकोनांवर भांडी मांडली होती. मधोमध खलबत्ता.

"हे काय?"

"गुहा. तुमाला बाहीर काढायची वाट शोधतोय. झोप न्हाय लागत."

खलबत्ता म्हणजे राक्षस, पेला म्हणजे मी, कप म्हणजे सायली. आम्ही दोघं दाराच्या उंबऱ्याशी सुखरूप पोचलो होतो. खलबत्त्याला अगदी चिकटून एक स्टीलची वाटी होती.

"आणि ही?"

"मी. तितनं हाललो की त्ये तुमच्याकडं वळतंय. लई येळा मांडून बघितलं."

"भ्या नाही वाटत?"

"वाटतंय की," अण्णा हळूच म्हणाले. "म्हणून तर खेळायला आलो न्हाय."

मग ते गडबडीनं गॅसकडं वळले. "जेवूनच जावा की, मास्तर. एकट्यापुरती आमटी मला अजून जमत न्हाय. रोज उरतीया."

मी वाकलो. खलबत्त्याजवळची वाटी उचलली, धुतली, आणि त्यांच्यापुढं धरली.

"ह्यात वाढा."

अण्णा त्या वाटीकडं बघत राहिले. मग त्यांनी ती काठोकाठ भरली.