सगळ्यांची दुसरी पसंती

"यात भांडायचं काय? मतं मोजायला आवाज नाही, पद्धत लागते! पाच मिनिटांचं काम आहे!" सर म्हणाले, आणि इथूनच सगळं बिघडलं.

सर कॉलेजात गणित शिकवायचे. बाहेर सगळं गाव त्यांना सर म्हणे, पण वर एक ताई आणि एक दादा असल्यामुळे पन्नाशी उलटली तरी घरात ते 'बारक्या'च होते. त्या संध्याकाळी ते दादाच्या हॉलमधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. बसले होते कसले, कुणीतरी ओतून ठेवल्यासारखे पसरले होते. परीक्षेचे पेपर तपासून नुकतेच संपले होते. शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत त्यांची अशी अवस्था झाली होती, की स्वतःच्या सहीलाही त्यांनी दोन गुण कापले असते. आता त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. स्वतःचं घर, स्वतःचा पलंग, पडदे ओढलेले आणि आठ दिवस कुणी हाक मारायची नाही.

पण दरवर्षी आठ दिवस सगळ्या कुटुंबाने मिळून सुट्टी घालवायची, असा दादाचा नियम होता. कुठे, यावर दरवर्षी भांडण होई. गेल्या वर्षी ते इतकं लांबलं, की चांगल्या जागा सगळ्या भरून गेल्या आणि शेवटी एका सिमेंटच्या कारखान्यासमोरचं लॉज मिळालं. आठ दिवसांनी परत आले तेव्हा सगळ्यांचे केस आईच्या पांढऱ्या केसांसारखे दिसत होते!

यंदाही तीच चिन्हं होती. दादाचं टाइल्सचं दुकान. वर्षभर गुळगुळीत फरशीवर चालून त्याचे पाय वाळूसाठी आसुसलेले असत. त्याला समुद्र हवा होता. वहिनींनाही समुद्रच हवा होता, कारण डोंगरातली वळणं त्यांना सोसत नसत. कुणी कागदावर वेडीवाकडी रेघ ओढली तरी त्यांना मळमळायचं. सरांची बायको आणि लेक, दोघीही समुद्राच्याच बाजूला.

ताई शाळेत मुख्याध्यापिका. तिला डोंगर हवा होता, कारण उन्हात तिची कातडी भाजते. तिचे यजमान, म्हणजे दाजी, दातांचे डॉक्टर. ते म्हणत, "किनाऱ्यावर माणसं तोंडं उघडी टाकून झोपतात हो. सुट्टीतसुद्धा मला कीडच दिसते." त्यांचा मुलगा चढायला मिळेल तिथे जायला तयार होता. म्हणजे हेही डोंगराचे.

आई दादाकडेच राहायची. ती म्हणाली, "तुम्ही कुठेही जा. मी घरीच बरी."

"मीही घरीच बरा!" सर खुर्चीतून म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही.

दादाने लगेच सूत्रं हातात घेतली. "हात वर करा! समुद्र?" चार हात. "डोंगर?" तीन. "घर?" दोन, त्यातला सरांचा अर्धाच वर गेला. "झालं! समुद्र! मी फोन लावतो!"

"थांब!" ताई शाळेतल्या आवाजात म्हणाली. घरातला पंखासुद्धा दचकला असावा. "चार जणांना समुद्र हवाय, म्हणजे पाच जणांना नकोय! चार मोठे की पाच? बारक्या, तू सांग!"

आता सर गप्प बसले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला कुणी आकड्यातला प्रश्न विचारला की तो मेलेला असला तरी उठून बसतो. "ताईचं बरोबर आहे. सगळ्यात जास्त मतं म्हणजे निम्म्याहून जास्त मतं नव्हेत."

"मग सर्वांत मागे कोण आहे ते काढून टाका," दाजी शांतपणे म्हणाले. दुखतंय ते उपटायचं, हा त्यांचा धंदाच. "आणि उरलेल्या दोघांत परत मत घ्या."

"ही पण एक पद्धत आहे," सर म्हणाले. घर उपटलं गेलं. उरले समुद्र आणि डोंगर. आता आईला विचारलं, तर ती म्हणाली, "खाऱ्या वाऱ्याने माझे गुडघे धरतात. डोंगर." सरांनीही डोंगर म्हटलं, कारण डोंगरात निदान गार हवेत झोप लागते. डोंगर पाच, समुद्र चार!

ताईने टाळी वाजवली. दादा लाल झाला. "अरे, पण आई घर म्हणाली होती! घरवाल्यांच्या मतांवर डोंगर कसा काय निवडून येतो?"

"तुझा समुद्र तरी कुणाच्या मतांवर आला होता?"

"माझ्या बाजूला चार माणसं होती! तुझ्या बाजूला तीन!"

दोघांनी एकदमच मान वळवून सरांकडे बघितलं. सरांना त्या दोन नजरांचाही भार झाला. पण त्याच वेळी त्यांच्या दमलेल्या डोक्यात एक लख्ख आकडा पेटला. समुद्रवाल्यांना डोंगर नकोच आहे, म्हणजे त्यांची दुसरी पसंती घर. डोंगरवाल्यांना समुद्र नकोच आहे, म्हणजे त्यांचीही दुसरी पसंती घर. सर खुर्चीत सरळ झाले. त्यांची बायको दारातून बघत होती. सर इतके ताठ बसलेले तिने महिन्याभरात पाहिले नव्हते.

"हे बघा," सर अगदी निरागसपणे म्हणाले. "प्रत्येकाने चिठ्ठीवर तिन्हींचा क्रम लावायचा. पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. बेरीज करू. कुणावर अन्याय नाही."

दुकानाच्या अंदाजपत्रकांचे कोरे कागद फाडून चिठ्ठ्या झाल्या. सरांनी बेरीज केली, मोठ्याने वाचली. "समुद्र आठ. डोंगर आठ. घर..." इथे त्यांनी घसा साफ केला. "अकरा."

मग दादा म्हणाला, "ज्याला दोनच मतं, तो जिंकला?"

"त्याला सगळ्यांची दुसरी पसंती आहे, दादा. घर कुणालाच नकोसं नाही. वाटलं तर समोरासमोर लावून बघ. घर की समुद्र? डोंगरवाले घराकडे येतात, पाच विरुद्ध चार. घर की डोंगर? तुम्ही चौघं घराकडे येता, सहा विरुद्ध तीन. दोघांनाही घर हरवतं!"

एवढं बोलून सरांनी डोळे मिटले. बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हाला आधीच माहीत होतं."

"गणित होतं ते."

"गणिताने असं गालात हसायला होत नाही."

दादा मात्र दुकानदार होता, त्याची घासाघीस इथेच तर सुरू होते. "पुन्हा चिठ्ठ्या! पहिल्यांदा नीट समजलं नव्हतं. जरा चहा टाकतो, मग लिहू." असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला, आणि त्याच्यामागून वहिनी, सरांची बायको आणि सरांची लेकही गेली. चहाला चार माणसं! आतून भांड्यांचा एकही आवाज येईना, कुजबुज मात्र चांगली ऐकू येत होती. "घराला शेवटी टाका! सगळ्यांनी! गुण मिळालेच नाहीत तर जिंकेल कसं?"

ताई सरांना म्हणाली, "ऐकलंस?"

सरांनी ऐकलं होतं. ओरडून सांगावं, असंही वाटलं होतं. पण ओरडायला श्वास भरून घ्यावा लागतो, आणि तेवढी शिल्लक त्यांच्याकडे नव्हती.

चहा आला, बेचव. चिठ्ठ्या आल्या. सरांनी बेरीज केली आणि परत केली, कारण पहिल्यांदा त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. "घर सात."

"बघा!" दादा मांडीवर थाप मारून म्हणाला.

"समुद्र आठ."

"वाच, वाच!"

"डोंगर बारा."

दादाची थाप हवेतच राहिली. "बारा? डोंगर? डोंगर कुठून आला?"

"तूच आणलास, दादा. घराला शेवटी ढकलायचं म्हणून तुम्ही चौघांनी डोंगराला दुसऱ्या नंबरावर बसवलंत. चार गुण फुकट दिलेत त्याला!"

वहिनींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांना आत्ताच वळण लागलं होतं. "अहो, हे काय केलंत? मी घराला दुसरं लिहिणार होते, तुम्हीच म्हणालात..."

"निकाल रद्द!" दादा ओरडला.

"का रद्द? तुझाच डाव, तुझ्याच चिठ्ठ्या, तुझाच बेचव चहा!" ताई उभीच राहिली. "लहानपणी खिडकीच्या जागेसाठी पण तू हेच करायचास! हरलास की म्हणायचास, आता परत!"

"आणि तू? तू तर मोजताना मला वगळायचीस!"

खिडकीपासून सायकल निघाली, सायकलीवरून कुणाच्या वाढदिवसाला कोण आलं नव्हतं ते निघालं. दाजी दोनदा "जरा तोंड मिटूया का" म्हणाले, पण भूल दिल्याशिवाय त्यांचं कुणी ऐकत नसे. सरांना वाटलं, आपण इथेच जमिनीवर आडवं व्हावं. भांडण पाय ओलांडून पुढे जाईल.

एवढ्यात टण्ण! आईने स्टीलचं भांडं टेबलावर आपटलं होतं.

"बारक्या, पहिल्यांदा गुण मोजलेस, तेव्हा कोणी चहाला गेलं नव्हतं. तेव्हा काय आलं होतं?"

"घर, आई."

"मग तेच. मला भूक लागली आहे."

दादाने ताईकडे पाहिलं. हट्ट केला तर डोंगर माथी बसेल, हे त्याला कळलं होतं. ताईने दादाकडे पाहिलं. आणखी एक फेरी झाली तर हा काय शोधून काढेल याचा नेम नव्हता. "घर परवडलं," दादा पुटपुटला. "घर परवडलं," ताई म्हणाली. सगळी माना हलवू लागली. सरांना एकदम भरून आलं. इतकी वर्षं शिकवलं, पण गणिताने त्यांचं स्वतःचं भलं केल्याची ही पहिलीच वेळ होती. पडदे, पलंग, शांतता! त्यांना उशीचा थंड भागसुद्धा गालाला लागल्यासारखा वाटला.

"ठरलं तर," दादा म्हणाला. "आठ दिवस, सगळे, घरी. कोणाच्या?"

"कोणाच्या म्हणजे?" सर म्हणाले. "ज्याच्या त्याच्या!"

"वा! मग एकत्र काय राहिलं? आपण एकत्र कुठे राहायचं तेच तर ठरवत होतो!" या मुद्द्यावर ताई चक्क दादाच्या बाजूला गेली. संध्याकाळभरात बहीणभावांचं पहिल्यांदा पटलं होतं. "माझं घर, दादाचं घर, तुझं घर. घ्या चिठ्ठ्या."

सर घाईघाईने म्हणाले, "आई, तू तर म्हणालीस घरीच बरी. म्हणजे इथेच ना?"

"तुझं घर काय परक्याचं आहे? किती दिवसांत आले नाही मी."

चिठ्ठ्या पडल्या. स्वतःच्या घरी आठ दिवस नऊ जणांचा राबता कुणालाच नको होता. दादाने, वहिनींनी, ताईच्या तिघांनी आणि आईने पहिल्या नंबरावर सरांचं घर लिहिलं. सर, त्यांची बायको आणि लेक, या तिघांनी ते शेवटी लिहिलं. हात वर करण्याच्या पद्धतीने सहा मतं, निम्म्याहून जास्त. मागचा काढून टाकायची पद्धत लावायची गरजच उरली नाही. गुण मोजले तर दादाचं घर नऊ, ताईचं सहा, सरांचं बारा. समोरासमोर लावलं तरी दोघांविरुद्ध सहाला तीन. सरांनी कागद उलटा करून बघितला. सगळ्या पद्धतींनी एकच उत्तर, असा स्वच्छ निकाल वर्गात उदाहरणाला मिळावा म्हणून ते कितीदा तरी धडपडले होते.

"चुकलं तर नाही ना कुठे?" दादाने काळजीने विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "बरोबर आहे."

दाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पाचवी एखादी पद्धत नाही का हो?" त्यांच्या आवाजात खरी कणव होती. पण मत त्यांनीही तिकडेच दिलं होतं.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी सर स्वतःच्या घरात, बाहेरचं दार आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये, सतरंजीवर झोपले होते. पलंग आईला आणि ताईला दिला होता. वहिनींनी पंख्याखालची जागा घेतली होती, आणि पडदे भाच्याने व्यायामासाठी उघडून टाकले होते. रात्रभर दाजी घोरले होते, तेही तोंड उघडं टाकून. सरांना पहाटेपहाटे कुठे डोळा लागला होता, तोच न्हाणीघराच्या दारापाशी आवाज चढले.

"मी आधी! मला दुकानात फोन करायचाय!"

"मी मोठी आहे!"

"बारक्या! अरे बारक्या! अंघोळीचा क्रम कसा लावायचा रे? हात वर करायचे की गुण मोजायचे?"

सरांनी डोळे उघडले नाहीत. गणितावरचा त्यांचा विश्वास त्या सतरंजीवरच कुठेतरी गळून पडला होता. "काही मोजू नका," ते पांघरुणातून म्हणाले. "सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका एका डब्यात. जिला हात लागेल ती उचला. नशिबावर सोडा आणि मला झोपू द्या."

कागद फाटल्याचा आवाज आला, डबा हलवल्याचा आला. मग थोडी शांतता. सरांचा श्वास नुकता संथ होत होता.

"बारक्या!" दादाने पांघरूण ओढलं. "तुझंच नाव पहिलं आलंय! ऊठ, ऊठ लवकर! मागे आठ जण थांबलेत!"