फळ्यावरचा लाल खांब

विज्ञानाच्या सरांना एका गोष्टीची पक्की खात्री होती: आपला तास कुणाच्या डोक्यावरून जात नाही. प्रत्येक धड्याच्या शेवटी ते हात झटकत विचारायचे, "समजलं?" आणि आठवीचा अख्खा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणायचा. इतक्या वर्षांत एकदाही "नाही" ऐकू आलं नव्हतं. याच जोरावर पुढच्या वर्षी दहावीचा वर्ग आपल्यालाच मिळणार, असं ते गृहीत धरून बसले होते. बायकोलाही सांगून झालं होतं.

अशात शाळेत डिजिटल फळा आला. मुलांच्या हातात छोटे रिमोट. हिरवं बटण म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. कुणी काय दाबलं ते कळायचं नाही, फळ्यावर नुसते दोन रंगांचे खांब वाढायचे. सरांना ही कल्पना फारच आवडली. त्यांनी आपण होऊन मुख्याध्यापिका बाईंना तासाला बोलावलं. दहावी कुणाला द्यायची ते बाईच ठरवणार होत्या, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं!

बाई शेवटच्या बाकावर बसल्या. सरांनी ग्रहणाचा धडा रंगवून शिकवला. फळ्यावर बोटाने चंद्र सरकवला, पृथ्वी फिरवली. एकदा त्यांचं पोट फळ्याला लागून सूर्य कोपऱ्यात गेला, पण तो त्यांनी सफाईने परत आणला. मग ऐटीत प्रश्न टाकला: धडा समजला का?

लाल खांब उभा राहिला आणि थेट वरच्या कडेला जाऊन टेकला. हिरव्याचा पत्ता नव्हता.

"मशीन बिघडलंय," सर म्हणाले.

संगणकाच्या मॅडमना चालू तासावरून उठवून आणलं. त्यांनी तपासायला म्हणून साधा प्रश्न टाकला: आज शाळा आहे का? सगळं हिरवं. मशीन ठणठणीत होतं. ग्रहण जरा अवघडच, असं म्हणत सरांनी आदल्या धड्याचं विचारलं. लाल. त्याच्या आदल्या धड्याचं विचारलं. तेही लाल. मॅडम हळूच म्हणाल्या, सर, पुरे करा. पण सरांना चेव चढला होता. ते एकेक धडा करत मागे मागे गेले, थेट पुस्तकाच्या पहिल्या पानापर्यंत, आणि प्रत्येक वेळी तो खांब निमूटपणे वर चढला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "दहावीचं आपण नंतर बोलू, सर," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. सरांनी पुन्हा एकदा त्या लाल खांबाकडे पाहिलं.

मुलं आपल्याला फसवत होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. "नाही" म्हणायला जागाच कुठे ठेवली होती आपण? विचारता विचारता आपला एक पाय दाराकडे वळलेला असायचा. सरांना फार वाईट वाटलं. त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला: मी शिकवलेली एक तरी गोष्ट कुणाला समजली का?

लाल खांब चढला. पण त्याच्या शेजारी हिरव्याचा एक बारीकसा तुकडा उगवला. सरांच्या जिवात जीव आला.

"कुणी दाबलं? घाबरू नका, उभे राहा. बाईंना सांगा काय समजलं ते."

मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. तिने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

"समजलं काहीच नाही, सर," ती म्हणाली. "तुमचा चेहरा बघून दाबलं."