मैंदर्गीहून आलेली चांदणी

रविवार, दि. ११ मे २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मी फाटकाशी वर्तमानपत्राची वाट पाहत उभा होतो. शेजारचे मलकप्पा बनियनवर, अनवाणी, हातात निवडुंगाची कुंडी घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, पोरगी अंधारात हाय."

"कोणी सांगितले?"

"हिनं." त्यांनी कुंडी माझ्या नाकासमोर धरली.

मी न्यायालयात अधीक्षक होतो. उभ्या नोकरीत नाना प्रकारचे साक्षीदार पाहिले. उलटलेले, पढवलेले, प्यायलेले. निवडुंग पाहिला नव्हता. मी मलकप्पांना आत घेतले आणि पाणी दिले. ते त्यांनी सवयीने कुंडीपासून दूर ठेवले.

हे गृहस्थ कोण, ते आधी सांगतो.

मलकप्पांचा सोलापुरात फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद झाला. पत्नी त्याआधीच वारल्या होत्या. एकुलती मुलगी सुवर्णा चार वर्षांपूर्वी अक्कलकोटपलीकडे मैंदर्गीला दिली. मागे राहिले ते घर, गच्ची आणि उजेड मोजायचे एक जुने यंत्र. तळहाताएवढे आहे. त्याला सेल लागत नाही. उजेड पडला की काटा हलतो. हे यंत्र सदऱ्याच्या खिशात घालून मलकप्पा गावभर हिंडतात आणि कोणाच्याही घरात पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारतात, "उजेड किती?" उत्तराची वाट पाहत नाहीत. यंत्र काढून स्वतःच बघतात.

आमच्या कॉलनीतील एका वृद्धांचे निधन झाले तेव्हा आम्ही दोघे भेटीस गेलो होतो. फोटोला हार होता, समई होती, मंडळी खाली मान घालून बसली होती. मलकप्पांनी यंत्र काढून दिवंगतांच्या खुर्चीवर धरले, खिडकीकडे पाहिले आणि विधवा बाईंना म्हणाले, "वैनी, बाबांची जागा लई चांगली हाय. सकाळचं ऊन, दुपारी सावली. रिकामी ठेवू नका." मला घाम फुटला. आठवड्याने त्या खुर्चीवर एक कुंडी आली. बाई तिच्याशी बोलतात, असे ऐकतो. मी चौकशी केलेली नाही.

त्या कुंड्यांत जे असते त्याला मलकप्पा 'चांदणी' म्हणतात. हा निवडुंग आहे, पण काटा एकही नाही. चपटा, गोल, ज्वारीची जाड भाकरी मातीवर ठेवावी तसा. वरून पाहिले तर आठ फाका, म्हणून चांदणी. प्रत्येक फाकेवर पांढऱ्या लोकरीचे गोंडे ओळीने. मेक्सिकोतील हे झाड जपान्यांनी निवडून निवडून घडवले, आणि त्याचे शौकीन आता जगभर आहेत. जपान्यांनी दिलेली नावे मलकप्पांनी निकालात काढली. अंगभर पांढरे ठिपके असलेल्या 'सुपर काबुतो'ची 'पिठाची' झाली. फाकांवर उंचवटे असलेली ती 'कासवी'. जिच्यावर ठिपका नाही, नुसती हिरवीगार, ती 'धुतलेली'. "काबुतो म्हंजे लढाईची टोपी," ते सांगतात. "आता सोलापुरात टोपी कशाला? पीठ म्हणा की. पीठ सगळ्यांना कळतं."

मुंबई-बंगळूरचे शौकीन त्यांच्याकडे येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात, कारण मलकप्पा चांदणी विकत नाहीत, देतात. देण्याआधी घर पाहतात. पाणी कोण घालणार, ही चौकशी होते. "सगळेच घालतात," असे उत्तर आले की स्थळ मोडले. आणि एक अट प्रत्येकाला असते. दर मे महिन्यात चांदणी माहेरी यायची. पावसाळ्याआधी तिची माती बदलायची, मुळे पाहायची, मग परत पाठवायची की नाही ते मलकप्पा ठरवणार. "परत कधी?" असे विचारले तर उत्तर एकच: "जागा बघून."

त्यामुळे मे महिन्यात त्यांच्या जिन्यावर कुंड्या घेतलेल्या प्रतिष्ठित माणसांची रांग असते. मागच्या वर्षी मी हा प्रकार पाहिला. एका डॉक्टरांनी कासवी आणली होती. मलकप्पांनी ती हातात फिरवली.

"डॉक्टर, हिला पडदे लावलेल्या खोलीत ठेवली."

"छे हो!"

"दिवाळीपासनं. हे बघा, हितपर्यंत चपटी हाय. हितनं वर उठली. उजेड मिळाला न्हाई की चांदणी मान वर करून शोधती. दिवसा पडदे कशाला लावता? झोपता व्हय दिवसा?"

डॉक्टर लालबुंद झाले. दिवाळीपासून त्यांनी रात्रपाळी घेतली होती. घरच्या कोणत्या कारणाने घेतली, हे जिन्यावरच्या लोकांना कळण्याचे कारण नव्हते. पण मलकप्पांनी तेही विचारले. कासवी परत मिळाली नाही.

चांदणीची वाढ मधल्या टोकातून होते. कडेचे जुने, मधले नवे. म्हणून वर्षभराची हकीकत तिच्या अंगावर राहते आणि मलकप्पा ती वाचतात. मी हे मान्य केले नव्हते. मी म्हणालो होतो, "हा कयास आहे." ते म्हणाले होते, "कयासच की. पण चुकत न्हाई."

सुवर्णाच्या लग्नातील गोष्ट मात्र मी स्वतः पाहिलेली आहे. रुखवतात चकल्यांचे मनोरे, साखरेची बाहुली, लोकरीचा ससा आणि मधोमध एक पिठाची चांदणी. मुलीच्या सासूबाई रुखवत पाहायला आल्या आणि ओरडल्याच, "अय्यो! निवडुंग! लेकीच्या रुखवतात काटं देता?" मलकप्पांनी भर मांडवात विहीणबाईंचा हात धरला आणि झाडावरून फिरवला. "काटा कुटं हाय, दाखवा. दाखवा की." काटा नव्हता, हे खरे. विहीणबाईंचा हात धरू नये, हेही खरे. जेवणावळ तासभर अडली.

ती चांदणी दर मे महिन्यात सुवर्णाबरोबर माहेरी येत असे. या वर्षी सुवर्णा आली नाही. आदल्या रात्री अक्कलकोटच्या एका ओळखीच्या माणसाने कुंडी आणून दिली. सासूबाईंचा निरोप एवढाच: सुवर्णाला सवड नाही.

आता कुंडी माझ्या टेबलावर होती. कडेची भाकरी तशीच चपटी, आणि मधून एक फिकट टेंगूळ बोटभर वर आलेले. ठिपके ताणून विरळ झालेले.

"होळीपासनं," मलकप्पा म्हणाले. "होळीपातूर झाड अंगणात हुतं. मग एकदम काळोख. अर्धवट सावली न्हवं, साहेब. काळोख. आणि वरनं पाणी रोज. रोज! माझी सुवर्णा चांदणीला रोज पाणी घालंल व्हय? पोरगी सहा वर्साची असल्यापासनं बोट घालून माती बघती."

"सासूबाईंनी घातले असेल."

"सासू हात लावत न्हाई. लगीन झाल्यापासनं लावला न्हाई."

"फोन केलात का?"

"दर रविवारी करतो की. 'मी मजेत हाय आप्पा.' दर टायमाला तेच, त्याच चालीत. टेप लावल्यागत."

"झाड कोठीत ठेवले असेल. मुलगी अंगणात असेल."

मलकप्पांनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझेच वाक्य ऐकू आले. "साहेब, ते झाड दिवसा तिच्या डोळ्यांपुढं, रातीला उशाला असतंय," ते म्हणाले. "तिच्या आईनं लावलेल्या बियांतलं हाय."

मी कयासावर कुठे जात नाही. तरीही मी मोटारीची किल्ली घेतली आणि त्यांना सदरा-चपला घालून यायला सांगितले.

अक्कलकोटपर्यंत मलकप्पा कुंडी मांडीवर घट्ट धरून बसले. मैंदर्गीत पोचलो तेव्हा विहीणबाई ओसरीवर शेवया वाळत घालत होत्या.

"न सांगता आलात की बीगरे?" व्याह्यांना तिकडे बीगर म्हणतात. "फोन तरी करायचा. आणि हे कोण?"

"हे कोर्टातले साहेब."

"निवृत्त," मी दुरुस्ती केली. कोणी ऐकली नाही. विहीणबाईंच्या हातातली शेवई तशीच राहिली.

"सुवर्णा पावण्यांकडं गेलीय," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे की. मी झाड पोचवायला आलोय."

"ठेवा की कुटंबी."

"कुटंबी कसं? जितं हुतं तितंच ठेवायचं. जागा दाखवा."

मुलगी कुठे आहे, असे या माणसाने विचारलेच नाही. मला वाटले, विसरले. ते विसरले नव्हते. मुलीची चौकशी टाळता येते. कुंडीसाठी जागा मागणाऱ्याला काय सांगणार? विहीणबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. तेवढ्यात मलकप्पा ओसरी ओलांडून आत गेले. मागच्या बाजूला ज्वारीच्या पोत्यांची कोठी होती. दार ओढलेले होते. त्यांनी ढकलले.

पोत्यांच्या मधल्या फटीत एक बाज होती. बाजेवर सुवर्णा बसली होती. तिने डोळ्यांवर हात घेतला, कारण दारातून ऊन आले.

मलकप्पांनी तिला हाक मारली नाही. त्यांनी खिशातून यंत्र काढले, दार लोटून घेतले आणि यंत्र बाजेवर, उशाशी, तिच्या चेहऱ्याजवळ धरले. काटा हलला नाही. ते बाहेर अंगणात गेले, यंत्र उन्हात धरले. काटा टोकाला गेला. यंत्र चालू असल्याची खात्री करून ते पुन्हा आत आले आणि पुन्हा धरले. मी उभ्या आयुष्यात अनेक पंचनामे पाहिले आहेत. इतका शांत पाहिला नाही.

"जावई कुठे आहेत?" मी विहीणबाईंना विचारले.

"पुण्याला. कंपनीत."

"पत्ता?"

त्या शेवयांकडे पाहू लागल्या. उत्तर बाजेवरून आले. "तितं दुसरं घर केलंय त्यांनी," सुवर्णा म्हणाली. "होळीला कळलं मला. मी गावात बोलीन म्हणून आत्तींनी हितं ठेवलं. फोन आत्तींकडंच असतोय." आत्ती म्हणजे सासूबाई.

"गप गं!" विहीणबाई म्हणाल्या. "घरातली गोष्ट हाय. चार दिवसांनी येईल की त्यो परत."

मलकप्पांनी यंत्र खिशात ठेवले. "सुवर्णा, चप्पल घाल."

"दिलेली लेक अशी उचलून न्यायची रीत हाय व्हय, बीगरे? लोक काय म्हणतील?"

"मे महिना हाय. माती बदलायला नेतोय."

"आणि परत?"

"जागा बघून," मलकप्पा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. जिन्यावर डॉक्टरांना सांगितले तसाच. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मोटारीची किल्ली काढली. निवृत्त माणसाला तेवढाच अधिकार असतो.

परतताना सुवर्णा मागे बसली होती, मांडीवर कुंडी. अक्कलकोट गेले. मलकप्पा खिडकीबाहेर पाहत होते. मग एकाएकी, गाडीत दुसरा विषयच नसल्यासारखे, रागाने म्हणाले, "रोज पाणी कुणी घातलं ह्याला?"

"मी."

"तू? तू घातलंस? एवढं शिकवलं ते काय पोत्यात भरून ठिवलंस?"

"शिकवलं म्हणूनच घातलं की, आप्पा. काळोख आणि पाणी दोन्ही मिळालं की भराभरा वर उठती, तुमीच सांगितलेलं. बोटानं माती बघत बसले असते तर हळूहळू उठली असती. तुमाला कळायला पुढचं वर्स लागलं असतं." ती थांबली. "फोनवर आत्ती शेजारी बसायच्या. झाडाला कोण विचारतंय?"

मी आरशात पाहिले. मुलगी कुंडीतल्या त्या फिकट टेंगळावरची धूळ पदराने पुसत होती.

"गाडी थांबवा, साहेब," मलकप्पा म्हणाले.

थांबवली. ते उतरले आणि रस्त्याकडेच्या बाभळीपलीकडे पाठमोरे उभे राहिले. भर बारा वाजता, मे महिन्यात, ज्या उन्हाला मोजायची काही गरज नव्हती, त्यात त्यांनी यंत्र धरले आणि बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले. खांदे हलत होते. मी मोटारीचे पाणी तपासायला बॉनेट उघडले. पाणी पुरेसे होते.

घरी आल्यावर निराळीच अडचण निघाली. सुवर्णाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चार वर्षांत तिथे चांदण्यांची रोपे भरली होती. पलंगावर, खिडकीत, कपाटाच्या डोक्यावर.

"घरातला सगळ्यात चांगला उजेड हितंच हाय," मलकप्पा ओशाळून म्हणाले. "रिकामी ठेववत नव्हती, साहेब." एवढे बोलून ते कुंड्या उचलून जिन्यावर मांडू लागले. सुवर्णा एका हाताने घेत होती, एकीकडे बोलत होती. कोणत्या रोपाला किती पाणी झाले आहे, ते बापाला सुनावत होती. ते ऐकून घेत होते.

संध्याकाळी लक्षात आले की त्यांच्या नळाला पाणी आता परवा येणार, आणि एकट्या माणसापुरते पाणी पिंपात होते. मी भिंतीवरून माझ्या टाकीची नळी टाकली, त्यांचे पिंप काठोकाठ भरले, चावी बंद केली आणि नळी गुंडाळून ठेवली.